शागिर्दाने उस्तादाविषयी कसे लिहावे?

आपल्याकडे एखादे गुरुजी सेवानिवृत्त झाले किंवा अल्लाहला प्यारे झाले की त्यांच्यावर लेख लिहिण्याची वेळ येते. शाळेची स्मरणिका निघते, कुठे गौरव अंक निघतो, कुठे घरचे लोक स्वखर्चाने सोळा पानांची पुस्तिका छापतात. लिहिणारे बहुधा त्यांचेच विद्यार्थी असतात. अशा लेखनाची आपल्या समाजात कमतरता नाही. परंतु त्याची समीक्षा मात्र कुणी करीत नाही. करणार तरी कशी? मयतीच्या घरात जाऊन कुणी भाषेच्या चुका काढीत नाही. तरीही या लेखात मी ते धाडस करणार आहे. सुरुवात माझ्याच लेखापासून करते, म्हणजे इतर कुणाला वाईट वाटण्याचे कारण उरणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, फुलसावंगी येथे राहते आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी मराठी आणि तांड्यावरच्या बायांच्या तोंडी गोरमाटी, अशा तीन बोली दिवसभर कानांवर पडतात. मला मराठी लिहिता येते याचे श्रेय एका आपांना आहे. त्या उर्दू शाळेत आम्हाला मराठी शिकवीत. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण घरच्यांची तशी इच्छा आहे. ही इच्छा मला पूर्वी साधी वाटली होती. आता ती तेवढी साधी वाटत नाही. त्याविषयी पुढे लिहीनच.

आपांच्या इंतकालनंतर त्यांच्या मुलाने एक छोटी स्मरणिका काढली आणि माझ्याकडे लेख मागितला. मी दोन रात्री बसून तो लिहिला. त्यात 'ज्ञानाचा दीप' होता, 'मायेची सावली' होती, 'शिस्तप्रिय पण प्रेमळ' हे शब्द होते, 'त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी' होती. शेवटी मगफिरतीची दुआ होती. लेख सर्वांना आवडला. काहींनी तो वाचताना डोळे पुसले. मलाही तो बरा वाटला.

चार-पाच दिवसांनी माझी एक बालमैत्रीण भेटली. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि पुढे लवकरच लग्न झाले. तिने तो लेख वाचला होता. ती म्हणाली, "अच्छा लिखी. पर आपा मेरे घर को भी आए थे एक दफा. वो तो तू लिखीच नै."

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ती गोष्ट मी विसरले नव्हते. मी ती मुद्दाम गाळली होती. माझे शिक्षण थांबवायचे घरात ठरत होते तेव्हा आपा ओळीने तीन संध्याकाळी आमच्या घरी आल्या, अब्बांशी वाद घालून गेल्या, आणि मी आठवीत बसले. मैत्रिणीच्या घरी मात्र त्या एकदाच गेल्या आणि तिच्या चुलत्यांनी दोन शब्द ऐकवल्यावर गप्प परत आल्या. माझ्यासाठी तीनदा आणि तिच्यासाठी एकदाच का? माझे अक्षर वळणदार होते म्हणून? माझे अब्बा ऐकून घेणारे होते म्हणून? आपांचा माझ्यावर जीव अधिक होता म्हणून? याचे उत्तर माझ्याकडे नाही. एवढे मात्र खरे की ही गोष्ट लिहिली असती तर आपा थोड्या कमी पडलेल्या दिसल्या असत्या, आणि मला ते नको होते. मी त्यांची उणीव झाकायला गेले आणि त्यांची ती एक फेरीही पुसली गेली. मैत्रिणीच्या लेखी ती फेरी फार मोठी होती. कारण तिच्यासाठी कुणी दार ठोठावले ते तेवढेच.

माझा प्रश्न येथून सुरू होतो. शागिर्दाने उस्तादाविषयी कसे लिहावे? अदब राखून, हे तर ठरलेलेच. परंतु अदब म्हणजे नेमके काय?

उर्दूत या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे, आणि मराठी वाचकांना त्याची ओळख करून द्यावी असे मला वाटते. मिर्झा फरहतुल्लाह बेग यांचा 'डॉ. नझीर अहमद की कहानी, कुछ मेरी और कुछ उनकी जबानी' हा लेख 1927 साली प्रसिद्ध झाला. डेप्युटी नझीर अहमद हे उर्दूचे आद्य कादंबरीकार. 'मिरातुल उरूस' ही त्यांची 1869 ची कादंबरी मुलींच्या शिक्षणाविषयीची म्हणून आजही ओळखली जाते. त्यांनी कुरआन शरीफचा उर्दू तर्जुमा केला, भारतीय दंड संहितेच्या उर्दू भाषांतरात त्यांचा हात होता. अशा मोठ्या माणसाकडे दिल्लीत दोन कॉलेजकुमार अरबी शिकायला जात असत. एक स्वतः फरहतुल्लाह बेग आणि दुसरे त्यांचे मित्र, ज्यांना लेखात 'दानी' म्हटले आहे. हे दानी म्हणजे गुलाम यझदानी, जे पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि ज्यांनी आपल्या अजिंठ्याच्या चित्रांवर मोठे ग्रंथ सिद्ध केले. अजिंठ्याच्या भिंतींकडे बारकाईने पाहणारी नजर तरुणपणी या मौलवीसाहेबांसमोर अरबीचे पाठ गिरवीत बसत असे, ही गोष्ट मला फार आवडते.

नझीर अहमद 1912 साली वारले. पंधरा वर्षांनी शागिर्दाने लेख लिहिला. त्यात काय आहे? त्यात मौलवीसाहेब उन्हाळ्याच्या दुपारी घरात कसे जेमतेम कपड्यांत बसत ते आहे. पैशाच्या बाबतीत ते किती हिशेबी होते, उसनवारीचे आणि व्याजाचे व्यवहार कसे करीत ते आहे. विद्यार्थ्यांसमोर खात बसत, पदार्थ किती चविष्ट आहे ते सांगत, पण 'तुम्हीही घ्या' असे काही म्हणत नसत, हेही आहे. आणि त्याच लेखात लहानपणचे नझीर अहमदही आहेत: मशिदीत राहून शिकणारा गरीब पोरगा, घरोघर फिरून भाकरी गोळा करणारा, मौलवीसाहेबांच्या घरी मसाला वाटणारा. हात थांबला की त्या घरातली छोटी मुलगी त्याच्या बोटांवर बत्ता मारी. आणि पुढे याच मुलीशी त्याचा निकाह झाला. हा भाग नझीर अहमदांनीच शागिर्दांना हसत हसत सांगितलेला आहे. म्हणून तर लेखाच्या नावात 'कुछ उनकी जबानी' आले.

आता पाहा, हिशेबीपणा आणि लहानपणची भाकरी या दोन गोष्टी लेखक कुठेही एकमेकींना बांधून दाखवीत नाही. तो निवाडा देत नाही. पण वाचकाला आपोआप कळते की घरोघर भाकरी मागितलेला हात पुढे पैसा इतका घट्ट का धरतो. लेखकाने कंजूषपणा गाळला असता तर भाकरीचा प्रसंग केवळ 'गरिबीतून वर आले' एवढ्या ठोकळ वाक्यापुरता उरला असता. आणि भाकरीचा प्रसंग गाळला असता तर कंजूषपणा ही नुसती निंदा झाली असती. दोन्ही आहेत म्हणून माणूस उभा राहतो.

हा लेख वाचून उस्मानिया विद्यापीठातील उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी फरहतुल्लाह बेग यांच्याकडे इच्छा व्यक्त केली की माझ्यामागे माझ्याविषयीही कुणी असेच लिहावे. सलीम 1928 साली गेले आणि बेग यांनी 'एक वसीयत की तामील' या नावाने त्यांचे शब्दचित्र लिहिले. माझ्या दृष्टीने ही साधी साहित्यिक आठवण नाही. एका वयस्क, विद्वान शिक्षकाने आपल्या उणिवा जगापुढे याव्यात असे स्वतःहून मागितले. त्याला गौरव नको होता काय? हवा असेलच. पण खरा गौरव कशात आहे हे त्याने ओळखले होते.

याहून आधीचे उदाहरण मौलाना हाली यांचे. 'यादगारे गालिब' 1897 साली आली. हाली गालिबच्या सहवासात वावरलेले, त्यांच्याकडून त्यांच्याच अवघड शेरांचे अर्थ समजून घेतलेले. स्वभावाने हाली सौम्य, झाकून बोलणारे. जुगाराच्या आरोपावरून 1847 साली गालिबना झालेली कैद त्यांनी गाळली नाही, परंतु कोतवालाच्या वैराकडे बोट दाखवून ती मवाळ केली. येथे हाली मला वकिलासारखे वाटतात. मात्र त्याच पुस्तकात ते एक गोष्ट अशी सांगतात की तेथे वकील उरत नाही. तरुणपणाच्या धार्मिक जोशात त्यांनी उस्तादांना पाच वेळच्या नमाजचा लांबलचक उपदेश लिहून दिला होता. म्हाताऱ्या, कानाने अधू झालेल्या गालिबना! हालींनी हा प्रसंग आणि नंतर वाटलेली शरम, दोन्ही नोंदवली आहेत. उस्तादाचे दोष सांगताना शागिर्द स्वतः कुठे उभा होता, हे सांगण्याची ही हिंमत आहे. माझ्या लेखात मी कुठेच नव्हते. 'मी त्यांची आवडती होते' हे लिहिणे मला गोड वाटले. 'माझ्या मैत्रिणीपेक्षा मला अधिक मिळाले' हे लिहिणे जमले नाही.

येथे वाचक एक रास्त आक्षेप घेतील. मरहूम व्यक्तीचे चांगलेच बोलावे ही आपली शिकवण आहे. गीबत हराम आहे. मग उस्तादाचे दोष चव्हाट्यावर मांडणे कोणत्या अदबीत बसते?

हा आक्षेप मी हलका मानीत नाही. तो माझ्या मनातही होता. पण आपल्याच परंपरेत त्याचे उत्तर आहे असे मला वाटते. हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी 'अस्माउर्रिजाल' नावाचे एक मोठे शास्त्र उभे केले. हदीस सांगणारा प्रत्येक माणूस कोण होता, कुणाकडे शिकला, कुठे राहिला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, म्हातारपणी त्याचा गोंधळ होऊ लागला होता काय, हे सर्व त्यांनी लिहून ठेवले. ज्यांच्या परहेजगारीविषयी शंका नव्हती अशा नेक माणसांविषयीही 'याची याददाश्त कच्ची आहे' असे लिहायला ते कचरले नाहीत. हे गीबत का नाही, यावर त्यांनी विचार केला होता. जेथे खऱ्या ज्ञानाची राखण व्हायची आहे तेथे खरे सांगणे ही जबाबदारी आहे, असे त्यांनी मानले. शिक्षकाचे चरित्र हा दीनचा मामला नाही हे मला मान्य आहे. पण पुढच्या पिढीने शिक्षक कसा असतो हे आपल्या लिखाणातून शिकायचे असेल, तर तेही एका अर्थाने सनदीचेच काम आहे.

अर्थात मर्यादा आहे. फरहतुल्लाह बेग यांनी जे लिहिले ते मौलवीसाहेब सर्वांसमक्ष करीत असत ते. त्यांनी घरातली गुपिते फोडली नाहीत. जे वर्गाने पाहिले ते वर्गातल्या मुलाने लिहावे. जे वर्गाने पाहिले नाही ते झाकलेलेच राहू द्यावे. गीबत आणि शब्दचित्र यांच्यामधली सीमारेषा मला येथे दिसते. शिवाय हेतूही असतोच. निंदा करणाऱ्याला माणूस लहान करायचा असतो. शागिर्दाला तो जवळ आणायचा असतो.

आता दुसरी बाजू. दोष सांगितले म्हणजे लेख आपोआप खरा होतो असेही नाही. अलीकडे काही लेखांत शिक्षकांच्या छड्या आणि शिव्या मोठ्या चवीने लिहिलेल्या आढळतात. त्याने हसू येते, पण शिक्षक दिसत नाही. कारण शिक्षक मुळात कामात असतो, आणि काम लिहिणे फार अवघड आहे. या बाबतीत मला मौलवी अब्दुल हक यांच्या 'नामदेव माळी' या लेखाची आठवण होते. आमच्या उर्दू वाचकांना तो चांगला परिचित आहे; मराठी वाचकांना मात्र तो आपल्याच मातीतला असूनही अनोळखी असावा.

अब्दुल हक यांना जग 'बाबा-ए-उर्दू' म्हणून ओळखते. त्यांची उमेदीची अनेक वर्षे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात गेली. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार 1938 मध्ये दिल्लीला जाईपर्यंत तेथूनच चालला आणि 'उर्दू' हे त्रैमासिक त्यांनी 1921 पासून तेथूनच काढले. नामदेव हा बीबी का मकबऱ्याच्या बागेतला माळी, दलित समाजातला, शाळेचे तोंड न पाहिलेला. त्याला मूलबाळ नव्हते. रोपांना तो लेकरांसारखे सांभाळी. दुष्काळाच्या वर्षी पाणी मिळेना तेव्हा कुठून कुठून पाणी वाहून आणून त्याने झाडे जगवली. शेवटी मधमाश्यांचे मोहोळ उठले, इतर पळाले, हा कामात गढलेला राहिला आणि त्यातच गेला. अब्दुल हक यांनी त्याची स्तुती करताना विशेषणे फार वापरलेली नाहीत. तो रोपापुढे कसा बसे, आळे कसे करी, मागे सरून कसे पाही, एवढेच ते दाखवतात. आणि मग विचारतात की निसर्गाने दिलेली कुवत पूर्णत्वाला नेणे यापेक्षा माणसाची चांगुलपणाची परीक्षा दुसरी कोणती?

मला नेहमी वाटत आले आहे की उर्दूतले सर्वोत्तम 'शिक्षकचित्र' हेच आहे, जरी नामदेवने कुणाला धडा दिला नाही. शिक्षण खात्यात हयात घालवलेला एक मौलवी माळ्याकडे पाहतो आणि त्याला शिकवणे म्हणजे काय ते कळते. आपण मात्र शिक्षकावर लिहिताना 'त्यांनी अनेक रोपटी वाढवली' असे लिहून मोकळे होतो. आळे कसे केले, पाणी कुठून आणले, हे लिहीत नाही. 'पिढ्या घडवल्या' हे वाक्य तर आता इतके झिजले आहे की त्याने कोणत्याही शिक्षकाचे वर्णन करता येते. आणि जे वाक्य प्रत्येकाला बसते, ते कुणा एकाचे नसते.

5 सप्टेंबरच्या भाषणांत अल्लामा इक्बाल यांची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. 'सर' हा किताब स्वीकारताना त्यांनी आपले उस्ताद मीर हसन यांनाही किताब द्यावा अशी अट घातली. उस्तादांची पुस्तके कोणती, असे विचारल्यावर त्यांनी स्वतःकडे बोट दाखवले. गोष्ट सुंदर आहे, मीही वर्गात सांगितली आहे. पण नीट पाहिले तर तीत मीर हसन दिसत नाहीत, इक्बालच दिसतात. मोठा शागिर्द उस्तादाला आपल्या सावलीत घेतो. सियालकोटच्या त्या वर्गात फारसी कशी शिकवली जाई, हे त्या गोष्टीतून कळत नाही.

याउलट डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या 'अग्निपंख'मधली शिवसुब्रमण्य अय्यर यांची आठवण घ्या. रामेश्वरमचे हे विज्ञान शिक्षक छोट्या कलामला घरी जेवायला बोलावतात. त्यांच्या सोवळे पाळणाऱ्या पत्नी मुसलमान मुलाला आपल्या स्वयंपाकघरात वाढायला नकार देतात. अय्यर सर स्वतः वाढतात आणि त्याच्या शेजारी बसून जेवतात. निघताना पुढच्या आठवड्याचे पुन्हा आमंत्रण देतात. आणि त्या वेळी त्या बाईच आत नेऊन वाढतात. कलामांनी पत्नीचा नकार गाळून 'माझ्या ब्राह्मण शिक्षकांनी मला प्रेमाने जेवू घातले' असे लिहिले असते तर ते असत्य ठरले नसते. पण अय्यर सरांनी काय केले तेच हरवले असते. त्यांचे शिकवणे त्या दुसऱ्या आमंत्रणात आहे.

शागिर्दांनी लिहिलेच नाही तर काय होते? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे आणि ते आपल्याला बोचले पाहिजे. जोतीराव फुल्यांचे शिक्षण सुटले होते. शेजारी राहणारे, उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एवढ्या एका वाक्यात मुन्शीजी इतिहासात येतात आणि जातात. त्यांनी गोविंदरावांना काय सांगितले असेल? किती वेळा गेले असतील? एकदा की तीनदा?

आणि फातिमा शेख. सावित्रीबाईंच्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे: आपल्यामागे तिला कामाचा त्रास होत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. बाकी आपल्याकडे काय आहे? त्या शाळांतली मुक्ता साळवे ही मुलगी 1855 साली 'ज्ञानोदय'त मांग-महारांच्या दु:खाविषयीचा निबंध लिहून गेली, तो आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण फातिमाच्या हाताखाली शिकलेल्या एखाद्या मुलीने 'आमच्या बाई अशा होत्या' असे लिहिलेले आपल्या हाती नाही. परिणाम काय झाला? 2014 मध्ये फातिमा शेख आमच्या उर्दू पाठ्यपुस्तकात आल्या तेव्हा मुलींनी मला विचारले असते की त्या दिसायला कशा, रागवायच्या का, तर मी काय सांगणार होते? आणि 2025 च्या जानेवारीत एका लेखकाने 'ही व्यक्ती मीच रचली' असा दावा केला. अभ्यासकांनी त्या पत्राकडे बोट दाखवून त्याला उत्तर दिले. पण एका शिक्षिकेचे अस्तित्व सिद्ध करायला आपल्याला एका पत्रातल्या दोन ओळींचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट मला विसरता येत नाही. त्यांच्या गुणगानाची भाषणे आपण पुष्कळ केली. ती त्या दिवशी उपयोगी पडली नाहीत. एखाद्या पोरीने लिहिलेला एक साधा प्रसंग उपयोगी पडला असता.

वर उल्लेखलेल्या शब्दचित्रांत सगळे शिक्षक पुरुष आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. उर्दूत उस्तादांची चित्रे भरपूर. उस्तानींची शोधावी लागतात. याचे कारण आपण जाणतो. बाईविषयी चारचौघांत बोलायचे तर फक्त 'नेक, पाकदामन, सेवाभावी' एवढेच बोलायचे. तिचा राग, तिची चूक, तिचे हसणे हे घराबाहेर न्यायचे नाही. म्हणून माझ्या आपांच्या घरच्यांनी नाव छापू नका म्हटले तेव्हा मला ते स्वाभाविक वाटले. आज मी त्यांची इच्छा पाळते आहे. पण मनात येते की फातिमा शेख यांचे नाव उरले आणि आयुष्य गेले, माझ्या आपांचे आयुष्य मी लिहू शकते तर नाव नाही. शंभर-दीडशे वर्षांनी या दोन्हींचा हिशेब सारखाच होईल काय?

हेच आपल्या चळवळीलाही लागू आहे. मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीत शिक्षक-प्राध्यापकांचा वाटा फार मोठा. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर 2018 साली गेले. त्यांचे ग्रंथ आपल्याजवळ आहेत, त्यांवर चर्चा होत राहील. पण ते राज्यशास्त्राचे शिक्षक होते. वर्गात एखाद्या पोराने चुकीचा प्रश्न विचारला तर ते काय करीत? ज्यांनी ते वर्ग पाहिले ते अजून आपल्यात आहेत. त्यांनी 'विचारवंत', 'दीपस्तंभ' हे शब्द बाजूला ठेवून एखाद्या तासाची हकिगत लिहिली तर ती ग्रंथांइतकीच मोलाची ठरेल असे मला वाटते.

असो. दुसऱ्यांना सल्ला देण्याआधी मी माझा लेख दुरुस्त करायला हवा. स्मरणिका छापून झाली, ती परत घेता येत नाही. म्हणून या पानांवर थोडे लिहिते.

आमच्या आपा 'ळ' शिकवायला दोन महिने घेत. आम्ही घरी उर्दू बोलणाऱ्या पोरी, आमच्या जिभेवर 'ळ' नव्हता. 'काळा'ला आम्ही 'काला' म्हणायचो, 'बाळ'चे 'बाल' करायचो. आपा प्रत्येकीची हनुवटी धरून जीभ कुठे टेकवायची ते दाखवीत आणि म्हणत, "केळं बोल. नाही आलं तर मिळणार नाही." कधी तरी त्या बाजारातून खरोखरच केळी आणीत, आणि ज्या मुलीला 'ळ' म्हणता येई तिलाच देत. माझ्या मैत्रिणीला तो वर्षभर आला नाही. तिला केळे मिळाले नाही. आज मी शिक्षिका आहे, बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकले आहे, आणि सांगते की हे चूक होते. मधल्या सुट्टीत त्या मेथी निवडीत आणि आमच्याकडूनही निवडून घेत. तेही आज कुणी चालवून घेणार नाही. त्यांना राग आला की त्या मराठी सोडून उर्दूत बोलत, आणि फार आनंद झाला की उर्दू सोडून मराठीत. मी आठवीत बसले त्या दिवशी त्या माझ्याशी मराठीत बोलल्या होत्या.

माझ्या घरी त्या तीन संध्याकाळी आल्या. मैत्रिणीच्या घरी एकदा. त्या एका फेरीनंतर त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, पाणी मागितले, ते प्यायल्या नाहीत, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून बसस्टँडकडे गेल्या. मी दारात उभी होते. 'जरा आणखी एकदा जा' असे मी त्यांना म्हणाले नाही. बारा-तेरा वर्षांची होते, हे खरे. पण माझ्या मनात ते आले होते आणि मी ते म्हणाले नाही.

ही हकिगत मी छापायला देण्याआधी मैत्रिणीला वाचून दाखवली. तिने पूर्ण ऐकली. म्हणाली, "केळे का भी लिख दी?" आणि हसली. मग म्हणाली की 'ळ' तिला पुढे आला, लग्नानंतर, शेजारच्या मराठी बायांशी बोलता बोलता. आता तिचा मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याला 'ळ' येत नाही. मी रोज त्याच्याकडून म्हणवून घेते, आणि केळे आणले तर सर्वांना देते.